कित्ता आणि मूळ : तैल व्यक्तिचित्राच्या अनुकृतीतून होणाऱ्या शिक्षणाविषयी

एका कृतीवरून दुसरी कृती सिद्ध करण्याच्या क्रियेला मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळत नाहीत. ‘नक्कल’ हा शब्द कचेरीत प्रतिष्ठित आहे, पण कचेरीबाहेर त्याला उपहासाचा वास येतो. ‘प्रत’ हा पोथीच्या व्यवहारातला शब्द. तिथे शब्दन्‌शब्द उतरवणे हेच पुण्य. ‘अनुकृती’ संस्कृत साहित्यशास्त्रातून आली. शंकुकाने रसनिष्पत्तीचा विचार करताना चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला, तेव्हापासून चित्र आणि अनुकरण हा विषय आपल्या काव्यविचाराला परका राहिलेला नाही. परंतु चित्रतुरगन्यायात प्रश्न आहे तो पाहणाऱ्याच्या प्रतीतीचा. चित्र काढणाऱ्याच्या हाताला अनुकरणातून काय मिळते, हा प्रश्न तिथे उपस्थित होत नाही. त्यासाठी आपल्याला चौथ्या शब्दाकडे, ‘कित्ता’ या शब्दाकडे वळावे लागते.

कित्ता गिरवताना मूल अक्षराचा आकार शिकते, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते अक्षराचा क्रम शिकते. लेखणी कोठे टेकवायची, कोणती रेघ आधी ओढायची, वळण घेताना हात कोठे सैल सोडायचा, हे लिहून झालेल्या अक्षरात दिसत नाही. म्हणूनच पंतोजी मुलाचा हात हातात धरत. मोडीसारख्या धावत्या लिपीत तर क्रम चुकला की अक्षरच बिघडते. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास, एकोणिसाव्या दशकातील पहिला, लिहिला. अक्षराचे वळण आणि ओळींमधले अंतर यांपासून ग्रंथाची निगा राखण्यापर्यंतचा व्यवहार त्यांना उपदेशाच्या योग्यतेचा वाटला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

प्रस्तुत लेखात जो विचार मांडावयाचा आहे तो एवढाच, की तैलरंगातील व्यक्तिचित्र जुन्या उस्तादाच्या कृतीवरून उतरवणारा विद्यार्थी कित्ताच गिरवत असतो. मात्र त्याचा हात धरणारे तिथे कोणी नसते. त्याला पूर्ण झालेल्या पृष्ठभागावरून निर्मितीचा क्रम उलट दिशेने वाचून काढावा लागतो. हे वाचन साधले तर अनुकृती हे शिक्षण ठरते. न साधले तर हाती उरते ती नक्कल. आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांपुढे मूळ चित्र क्वचितच होते, ही यातली खरी अडचण आहे.

तैलरंगाचे स्वरूप येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. जलरंग पाण्याचे बाष्पीभवन होऊन वाळतो. जवसाचे तेल तसे वाळत नाही; ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. त्यामुळे थर वाळायला दिवस, कधी आठवडे लागतात आणि चित्रकाराला थरांवर थर चढवता येतात. जुन्या पद्धतीत प्रथम कॅनव्हासवर रंगीत अस्तर, बहुधा तपकिरी किंवा करडे. त्यावर अंबरसारख्या मातकट रंगाने छायाप्रकाशाची ढोबळ मांडणी. मग सफेद्याच्या जाड रंगाने कपाळ, नाक, गालाचा उंचवटा. आणि सर्वांत शेवटी तेलात कालवलेले पातळ, पारदर्शक थर, ज्यांतून खालचा उजेड गाळून वर येतो. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरांत उत्तरोत्तर अधिक, हा नियम मोडला की वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला भेगा पडतात. म्हणजे क्रम चुकल्याची शिक्षा येथे केवळ सौंदर्याची नाही, आयुष्याची आहे. चित्र टिकतच नाही.

आता या चित्रासमोर उभ्या असलेल्या नवशिक्याचा विचार करावा. त्याला दिसतो तो गालावरचा उबदार रंग. तो पॅलेटवर तसाच रंग मिसळतो आणि लावतो. रंग जुळतो, पण गाल मेलेला दिसतो. कारण उस्तादाने तो रंग लावलेलाच नव्हता; करड्यावर तांबूस पारदर्शक थर आला आणि दोहोंच्या संयोगातून तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात निर्माण झाला. साहित्याच्या अभ्यासकाला हा अनुभव ओळखीचा वाटेल. कवितेतील एका शब्दाला अचूक प्रतिशब्द सापडतो आणि ओळ मात्र निर्जीव होते, कारण त्या शब्दाखाली असलेला अर्थाचा थर अनुवादात आलेलाच नसतो.

या क्रमाची साक्ष देणारे एक उदाहरण कलेतिहासात प्रसिद्ध आहे. रेम्ब्रांटने सुमारे १६२९ मध्ये गळ्याभोवती लोखंडी कवच घातलेले स्वतःचे चित्र काढले. त्याच्या दोन आवृत्त्या ज्ञात होत्या, एक हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आणि दुसरी न्यूरेंबर्ग येथे. पिढ्यान्‌पिढ्या हेगची आवृत्ती अस्सल आणि न्यूरेंबर्गची तिची प्रत, असे मानले जाई. हेगचे चित्र अधिक नितळ, अधिक रेखीव आहे. १९९० च्या दशकात अवरक्त किरणांच्या साहाय्याने त्याच्या रंगाखाली पाहिले तेव्हा तिथे काळजीपूर्वक काढलेले रेखाटन आढळले. रेम्ब्रांट आपल्या चित्रांना अशी रेखाटनाने सुरुवात करीत नसे. तो रंगातच शोध घेत पुढे जाई. ज्याला शेवट ठाऊक असतो त्यालाच आरंभी बाह्यरेषा आखून घेता येते. आज न्यूरेंबर्गचे चित्र मूळ मानले जाते आणि हेगचे त्याच्या कार्यशाळेतील प्रत. वरच्या पृष्ठभागावर जो गुण वाटत होता तोच प्रत असल्याचा पुरावा ठरला. पाठचिकित्सकांना यात नवल वाटू नये. दोन पाठांपैकी अधिक सुबोध, अधिक गुळगुळीत पाठ हा बहुधा उत्तरकालीन असतो, हे तत्त्व त्यांच्या शास्त्रात जुनेच आहे.

थोर चित्रकारांनी प्रती केल्या त्या मात्र अशा रेखीव नव्हेत. रूबेन्स १६२८-२९ मध्ये माद्रिदला गेला तेव्हा तो पन्नाशीत होता, कीर्तीच्या शिखरावर होता. तरी त्याने राजसंग्रहातल्या टिशियनच्या चित्रांच्या प्रती करण्यात वेळ घालवला. टिशियनचे ‘आदम आणि ईव्ह’ आणि रूबेन्सने केलेली त्याची प्रत, दोन्ही आज प्रादो संग्रहालयात आहेत. रूबेन्सच्या प्रतीत आदमची बैठक बदलली आहे आणि झाडावर मूळात नसलेला एक पोपट येऊन बसला आहे. ज्ञानेश्वरीने गीतेचे काय केले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पोपटाचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

पण क्रमाचा शोध प्रत्येकाला साधतोच असे नाही. इंग्लंडच्या रॉयल अकादमीचे पहिले अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७६९ च्या दुसऱ्या व्याख्यानात सरसकट प्रती करण्याविरुद्ध विद्यार्थ्यांना सावध केले. त्यात उद्योग केल्याचा भास होतो आणि बुद्धी निजून राहते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच रेनॉल्ड्स यांनी व्हेनिसच्या चित्रकारांचे रहस्य शोधण्यासाठी जुनी चित्रे खरवडून पाहिली, असे सांगतात. त्यांचा तर्क सर्वत्र बरोबर ठरला नाही. त्यांच्या अनेक व्यक्तिचित्रांतील गालांची लाली त्यांच्या हयातीतच उडाली आणि गडद भागांना भेगा पडल्या. व्हेनिसची झळाळी त्यांनी ओळखली होती, पण तिच्या मागची पाकक्रिया त्यांच्या हाती लागली नव्हती.

याहून सूक्ष्म फसवणूक वार्निशची. चित्राच्या रक्षणासाठी वर दिलेले वार्निश काळाने पिवळे, मग तपकिरी होते. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या संग्रहालयांत प्रती करणाऱ्यांनी तो तपकिरी रंगच उस्तादाचा मानला आणि आपल्या नव्या चित्रांत तो मुद्दाम आणला. जुनी चित्रे स्वच्छ केल्यावर खालून निळे आणि लाल रंग निघाले तेव्हा अनेकांना ते चित्र बिघडल्यासारखे वाटले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यावरून शतकाच्या मध्यास मोठा वाद झाला. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती जवळजवळ तीन शतकांचे थर दूर करण्यासाठीच. पण शुद्ध करणाऱ्यालाही स्वतःच्या काळाची भाषा असते, आणि पुढच्या संशोधकांना एकनाथपूर्व पाठाचा शोध घ्यावासा वाटला तो त्यामुळेच. वार्निश कोणते आणि रंग कोणता, हे ठरवणारा हातही इतिहासातलाच असतो.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहू. मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवरचा : आधी छापील नमुन्यांवरून रेखाटन, मग ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या साच्यांवरून, नंतर सजीव व्यक्तीवरून. जुन्या उस्तादांची मूळ तैलचित्रे विद्यार्थ्यांपुढे जवळजवळ नव्हतीच. प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) लोकांसाठी उघडले ते १९२२ मध्ये. टाटा बंधूंच्या संग्रहातील युरोपीय चित्रे तिथे आली ती त्या सुमारास आणि त्यानंतर. बडोद्याचे चित्रसंग्रहालयही विसाव्या शतकातलेच. म्हणजे पहिल्या दोन पिढ्यांनी टिशियन किंवा रेम्ब्रांट पाहिला असेल तर तो खोदचित्रांतून. खोदचित्रात रेखांकन येते, छायाप्रकाश येतो. रंग येत नाही आणि थर तर मुळीच येत नाहीत. इंग्रजीच्या आधारे फ्रेंच वा रशियन कादंबरी मराठीत आणणाऱ्या अनुवादकाची अवस्था याहून वेगळी नव्हती. कथानक आले, पात्रे आली, वाक्याची लय वाटेत राहिली.

मग क्रम शिकायचा कसा? याची उत्तरे ज्यांनी त्यांनी शोधली. राजा रविवर्मा यांच्या चरित्रात १८६८ साल निर्णायक मानले जाते. त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन हा डॅनिश वंशाचा चित्रकार व्यक्तिचित्रे काढावयास आला होता. त्याने शिकवण्यास नकार दिला, पण काम करताना पाहू दिले, असे चरित्रकार सांगतात. माझ्या मते ही गोष्ट बहुधा चुकीच्या अंगाने सांगितली जाते. तीत परकीय चित्रकाराचा हेवा आणि देशी प्रतिभेचा विजय शोधला जातो. तंत्राच्या दृष्टीने पाहता जेन्सनने जे दिले तेच मोलाचे होते. पुरे झालेले चित्र रविवर्मांना राजवाड्यातल्या छापील संग्रहांतही पाहता आले असते. अपुरे चित्र, थराथराने वाढणारे, केवळ तिथेच पाहता येत होते. मुंबईच्या पेस्तनजी बोमनजी यांनाही पुढे व्हॅलेंटाइन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराचे मार्गदर्शन लाभले. प्रिन्सेप १८७७ च्या दिल्ली दरबाराचे चित्र काढण्यासाठी हिंदुस्थानात आला होता.

पेस्तनजींचे नाव घेतले की अजिंठ्याकडे वळणे भाग आहे, कारण जुन्या उस्तादांची अनुकृती करण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग तिथे झाला. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांत पेस्तनजी प्रमुख होते. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या प्रतींपैकीही कित्येक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पण मुद्दा आगीचा नाही. या प्रती कॅनव्हासवर, तैलरंगात केलेल्या आहेत.

अजिंठ्याचा चित्रकार मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, गेरूच्या रेषेने आकृती बांधी. मग रंग भरी. आणि शेवटी पुन्हा रेषेने आकृती पक्की करी. रेषा, रंग, रेषा असा तो क्रम. जे. जे. च्या विद्यार्थ्याचा तैलरंगातला क्रम छायेकडून प्रकाशाकडे जाणारा. त्याने एका क्रमाने घडलेली कृती दुसऱ्या क्रमाने उतरवली. आणि म्हणूनच या प्रतींतले चेहरे अधिक भरीव, अधिक गोलाईचे, काहीसे युरोपीय भासतात. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विखंडात्मक ग्रंथात अजिंठ्याची तुलना फ्लोरेन्स आणि व्हेनिसच्या चित्रकारांशी केली. त्यामागे अभिप्राय होता, तसेच माध्यमही होते. जी प्रत तैलरंगात होते ती आपोआप व्हेनिसच्या शेजारी जाऊन बसते. शिवाय चित्रे नीट दिसावीत म्हणून प्रती करणाऱ्यांनी भिंतींवर वार्निश दिले आणि ते पुढे काळवंडले. अनुकृतीने मूळाला इजा केली. दुसऱ्या बाजूने पाहता, भिंतीवरून आज गळून गेलेले काही भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील त्या प्रतींतच शिल्लक आहेत. अशा प्रतीला दोष द्यावा की तिचे ऋण मानावे, याचा निकाल देणे मला कठीण वाटते.

याच्या नेमकी उलट घटना दोन शतके आधी ॲम्स्टरडॅममध्ये घडली होती. रेम्ब्रांटने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली; त्यांपैकी वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. त्यासाठी त्याने पौर्वात्य कागद वापरला, आणि लघुचित्रातली सलग, एकसारखी रेषा आपल्या तुटक, थबकणाऱ्या रेषेने टिपली. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचे त्याचे रेखाटन ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. पुढे जे. जे. मध्ये अध्यापन करणारे, गोव्यातील सांगे येथे जन्मलेले आंतोनियो शेवियर त्रिंदाद (१८७०-१९३५) यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हटले गेले. ही उपाधी गौरवाची म्हणून दिली जाते. पण रेम्ब्रांट स्वतः एकेकाळी पूर्वेचा विद्यार्थी होता हे लक्षात घेतले की तिच्यातला एकतर्फीपणा जाणवतो. त्रिंदाद यांच्या घरातल्या माणसांच्या चित्रांत अंधारातून उजळणारा जो चेहरा दिसतो, तो डच चित्रांच्या छापील प्रतींवरून उतरवता येण्यासारखा नाही. त्यामागे सजीव व्यक्तीसमोर थर चढवत केलेला सराव आहे.

हा विचार रायपुरात बसून करताना त्याला आणखी एक पदर मिळतो. येथील महंत घासीदास संग्रहालय १८७५ पासूनचे, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. परंतु त्याचे बळ सिरपूरच्या कांस्यमूर्ती, शिल्पे, शिलालेख यांत आहे. चित्रकलेचे शिक्षण घ्यावयाचे तर राजनांदगावच्या पलीकडे खैरागढला जावे. तेथे १९५६ पासून संगीत व कलांचे विद्यापीठ आहे. तैलरंगाला लागणारे जवस, येथल्या भाषेत अलसी, छत्तीसगढच्या शेतकऱ्याला परके नाही. उभ्या भातात ‘उतेरा’ पद्धतीने ते पेरले जाते. द्रव्य शेतात आहे, कित्ता मात्र समुद्रापार.

आणि तरीही मूळासमोर बसून केलेल्या अनुकृतीचे एक नमुनेदार उदाहरण याच शहराच्या इतिहासात आहे. फक्त ते चित्रातले नाही. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) हे मराठी मातृभाषेचे गृहस्थ. १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढून त्यांनी या प्रदेशातील हिंदी पत्रकारितेचा पाया घातला; त्यांचे अखेरचे वास्तव्य आणि निधन रायपूरचे. त्यांनी दासबोध हिंदीत आणला आणि १९१५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेले टिळकांचे ‘गीतारहस्य’ही लगोलग हिंदीत उतरवले. दोन्ही वेळा मूळ ग्रंथ त्यांच्यापुढे होता आणि मूळाची भाषा त्यांच्या घरात होती. ‘गीतारहस्य’ हे स्वतः गीतेवरचे, पूर्वीच्या भाष्यांचे थर तपासून काढलेले विवरण. सप्र्यांना ते थरांसकट उचलावयाचे होते. त्या काळची हिंदी गद्यशैली अद्याप घडत होती, म्हणजे अस्तरही त्यांनाच तयार करावे लागले. दासबोध उतरवताना तर लेखनक्रियेचा तो समास, प्रत कशी करावी हे सांगणारा, त्यांच्या हाताखालून गेला. हिंदी गद्याच्या इतिहासात सप्र्यांच्या निबंधांची आणि ‘एक टोकरी भर मिट्टी’ या कथेची चर्चा पुष्कळ होते. त्यांच्या अनुवादांकडे त्यांच्या गद्याची शाळा म्हणून पाहण्याचे काम व्हावयास हवे. मराठीतले लांब, कारणपरंपरा वाहून नेणारे वाक्य त्यांनी हिंदीत कोणत्या क्रमाने उलगडले, कोठे तोडले, कोठे तसेच ठेवले, हे दोन्ही संहिता शेजारी ठेवून पाहता येईल.

चित्रकलेच्या आजच्या विद्यार्थ्याला असे शेजारी ठेवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, असे म्हटले जाते. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची ७१७ अब्ज बिंदूंची प्रतिमा २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. रायपूरचा मुलगा आज त्या चित्रातल्या भेगा मोजू शकतो; संग्रहालयात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या प्रेक्षकालाही ते शक्य नाही. खोदचित्राच्या काळापासून ही मोठीच मजल आहे. पण पडदा स्वतः प्रकाश फेकतो. तैलचित्र बाहेरचा प्रकाश आत घेते आणि थरांतून गाळून परत देते. पडद्यावर प्रतिमा हवी तेवढी मोठी होते, त्यामुळे मूळाचा आकार आणि त्याबरोबर हाताची झेप हरवते. लूव्हरमध्ये प्रती करणाऱ्यांना परवाना मिळतो तो प्रत मूळाहून लहान किंवा मोठी असावी या अटीवर. बनवेगिरी टाळण्यासाठीची ही अट, पण तीमुळे विद्यार्थ्याला प्रत्येक अंतर स्वतः नव्याने मोजावे लागते, चौकटी आखून उतरवून घेण्याची सोय राहत नाही.

येथील काही विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट आढळली. मोबाइलवर ते सर्वाधिक पाहतात ती संग्रहालयांनी दिलेली पूर्ण चित्रे नव्हेत, तर कोणी चित्रकार कोऱ्या कॅनव्हासपासून एकेक थर चढवत जातो त्याची ध्वनिचित्रफीत. ती थांबवतात, मागे नेतात, पुन्हा पाहतात. रंग पडद्यावर खोटा दिसतो हे त्यांना ठाऊक असते. त्यांना हवे असते ते आधी काय आणि नंतर काय. त्रावणकोरच्या दरबारात एका वीस वर्षांच्या तरुणाला उभे राहून जे पाहू दिले गेले, ते हेच होते.